बॉल न बघणारे रामटेके काका

अमेरिकेतल्या नोव्हाय गावी येऊन आम्हाला आठवडाही झाला नव्हता. इंडियन ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये मी आणि माझा नवरा शिरीष तांदळाची पिशवी डिकीत कशी बसवायची यावरून मराठीत भांडत होतो. तेवढ्यात शेजारच्या गाडीतून एक उंच, सडपातळ गृहस्थ उतरले, आमच्याजवळ आले आणि म्हणाले, "भांडण चालू द्या. मी फक्त एकदा तुमच्या गाडीचं दार लावून बघू का?"

आम्ही काही बोलायच्या आत त्यांनी मागचं दार उघडलं आणि लावलं. मान तिरकी करून ऐकलं. पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं.

"वरच्या कोपऱ्यातलं रबर दमलंय. हायवेला शिट्टी वाजते ना?"

वाजत होती. ती शिट्टी माझ्या बाजूच्या खिडकीतून येते असं शिरीषचं म्हणणं होतं आणि त्यावरून आमचं आधी एकदा भांडणही होऊन गेलं होतं. त्या माणसाने ते एका दारात मिटवलं. हे रामटेके काका. मूळचे नागपूरचे. आयुष्यभर त्यांनी मोटारींच्या दारांचं काम केलं होतं. दार म्हणजे नुसता पत्रा नाही, बिजागरी, कडी, रबर आणि ते लावताना येणारा आवाज, हे सगळं त्यांच्या खात्यात. नोव्हायमध्ये दर दुसरा भारतीय मोटारींच्या कुठल्या ना कुठल्या भागाचा इंजिनियर असतो, पण आपल्या भागावर असं प्रेम करणारा मी दुसरा पाहिला नाही.

"रविवारी घरी या," ते म्हणाले. "मॅच आहे."

"काका, आम्हाला इथल्या फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही," मी म्हटलं.

"उत्तम. ज्यांना कळतं त्यांचाच त्रास जास्त असतो."

असे आम्ही त्यांच्या बेसमेंटमध्ये जाऊन पोचलो आणि पुढची सात-आठ वर्षं थंडीचे बहुतेक रविवार तिथेच घालवले. बेसमेंट म्हणजे अमेरिकन घराच्या पोटातली ती मोठी खोली, जिथे वरच्या मजल्यावर शोभत नाही ते सगळं राहतं. काकांचा जुना सोफा, भिंतभर टीव्ही आणि कुसुमकाकूंची शिलाई मशीन तिथे गुण्यागोविंदाने नांदत होती. काकू नर्स होत्या. त्यांना खेळाचं सोयरसुतक नव्हतं, पण मॅचच्या आधी दाखवतात त्या मुलाखती त्या मन लावून ऐकत. कुठल्या खेळाडूच्या आईचं ऑपरेशन झालंय, कोण आजीजवळ वाढला, हे त्यांना पाठ. एखादा खेळाडू मैदानात आडवा झाला की काका म्हणत, "चुकीच्या जागी उभा होता," आणि काकू म्हणत, "आईने बघितलं असेल का हो?" मग सांबारवड्यांची, म्हणजे नागपुरी कोथिंबीरवड्यांची, दुसरी फेरी येई.

पहिल्या दिवशी मी सगळे बघतात तेच बघत होते, म्हणजे चेंडू. हा खेळ आपल्या फुटबॉलसारखा नाही. एक टीम चेंडू घेऊन पुढे सरकायचा प्रयत्न करते, दुसरी तिला अडवते. दर वेळी खेळ थांबतो, माणसं पुन्हा समोरासमोर उभी राहतात आणि ठरवलेली एक चाल खेळली जाते. चेंडू हातात घेऊन तो कोणाला द्यायचा किंवा कोणाकडे फेकायचा हे ठरवणारा तो क्वार्टरबॅक. जाहिरातीतही तोच असतो आणि हरल्यावर शिव्याही त्यालाच बसतात. त्याच्या पुढे पाच धिप्पाड गडी भिंतीसारखे उभे असतात. त्यांना चेंडू सहसा मिळत नाही आणि त्यांचं नावही कोणी घेत नाही.

"बॉल बघू नको," काका मला म्हणाले. "बॉल शेवटी कुठे जातो ते सगळ्यांनाच दिसतं. ते पाच जाडे बघ. त्यांचे पाय बघ."

"आणि बॉल?"

"तो येतो मागून."

मला वाटलं, थट्टा करतायत. पण त्यांनी खरोखरच चेंडूकडे पाहिलं नाही. चाल संपून सगळं स्टेडियम उठून नाचत असताना ते सोफ्याच्या कडेला पुढे झुकून, कुठल्या तरी कोपऱ्यात पडलेल्या एका लठ्ठ माणसाकडे कौतुकाने बघत असत. "काय पाऊल टाकलंय पोरानं," असं पुटपुटत. कोणी किती पॉइंट केले हे त्यांना कधीकधी आम्हाला विचारावं लागे.

शिरीषचं आणि त्यांचं पहिल्या रविवारपासून जुंपलं. शिरीष पुण्याचा आहे, त्यामुळे न कळणाऱ्या विषयावर ठाम मत बनवायला त्याला अर्धा तास पुरतो. आमची टीम हरली की तो म्हणे, "क्वार्टरबॅकच भिकार आहे यार, काढून टाका त्याला." काका शांतपणे वडी संपवत आणि मग त्यांचं ते प्रवचन सुरू होई. ते आम्ही इतक्यांदा ऐकलंय की मी झोपेतही म्हणून दाखवीन.

"हे बघ शिरीष. खेळाडू म्हणजे गाडीची चौकट. ती जशी आहे तशी आहे, तू ती वाकवू शकत नाहीस. कोच म्हणजे दार. त्यालाही स्वतःचा आकार असतो, तो कुठूनतरी घडून आलेला असतो. आता दार चांगलं आणि चौकटही चांगली, तरी शिट्टी वाजते. काहून? मधलं रबर दुसऱ्या गाडीचं आहे. ते रबर म्हणजे स्कीम, खेळायची आखणी. कोच एका टीममध्ये जिंकून येतो आणि तिथलं रबर इथे चिकटवतो. मग तुझ्यासारखे लोक चौकटीला शिव्या घालतात."

"म्हणजे क्वार्टरबॅकची काहीच चूक नाही?"

"आवाज कुठून येतोय ते आधी बघ. चूक कोणाची ते मग."

"आवाज कुठून येतोय" हा त्यांचा सगळ्याच बाबतीतला प्रश्न होता. मिक्सर बिघडला तरी तोच आणि कोणाचा संसार बिघडला तरी तोच. एकदा शिरीषवर रुसून मी त्यांच्याकडे जाऊन बसले होते, तेव्हा माझं सगळं ऐकून घेऊन त्यांनी एवढंच विचारलं. मी विचार केला आणि लक्षात आलं की आवाज शिरीषमधून नाही, त्याच्या ऑफिसमधून येतोय. त्या काळात तिथे माणसं कमी करायचं चाललं होतं आणि हा बाबा घरी काही सांगत नव्हता. काका अशा वेळी सल्ला देत नसत. प्रश्न विचारून मोकळे होत आणि मी कॉफी करतो म्हणून वर निघून जात.

एप्रिलमध्ये जयंतीचा कार्यक्रम असे. एका शाळेचा हॉल भाड्याने घेऊन काका आणि त्यांच्या मंडळातले लोक तो करत. जय भीम म्हणत आजूबाजूच्या गावांतून दोन-तीनशे माणसं येत, भाषणं होत, मुलांची नाटकं होत आणि मग जेवण. जेवणाची रांग म्हणजे काकांचं मैदान. कोणाला काय काम द्यायचं हे ते माणसाकडे नुसतं बघून ठरवत. आमच्या पहिल्या वर्षी मला वाटलं, आपल्याला पाहुणे म्हणून बसवतील. त्यांनी आम्हाला एप्रन दिले.

"माधवी, तू पुढे, ताटांजवळ. तू प्रत्येकाला कुठून आलात विचारणार, म्हणजे रांग आपोआप हळू सरकेल. मागच्यांना पोळ्या गरम करायला वेळ मिळेल." मी बडबडी आहे हे इतक्या कौतुकाने मला कोणी सांगितलं नव्हतं.

"आणि मी?" शिरीषने विचारलं.

"तुझा हात पुण्याचा. तू जिलबीला."

सगळा हॉल हसला, शिरीषसुद्धा. पण जिलबी शेवटच्या माणसापर्यंत पुरली. आदल्या वर्षी तिथे एक दिलदार गृहस्थ उभे होते आणि अर्ध्या लोकांना ती मिळालीच नव्हती. काकांनी त्या दिलदार गृहस्थांना या वेळी भातावर नेमलं होतं, आणि भात तर हवा तेवढा होता. कोणालाही न दुखवता त्यांनी ही सगळी हलवाहलव केली. घरी येताना शिरीष म्हणाला, "ह्या माणसाला एखाद्या टीमने कोच करायला हवं होतं." तो हे चेष्टेत म्हणाला नाही.

टीममध्ये काका गेले नाहीत. त्यांची मुलगी गेली.

संघमित्रा, घरात मित्रा, त्यांची एकुलती एक. ती इथेच जन्मली. लहानपणी याच सोफ्यावर बापाच्या मांडीवर बसून ती त्या पाच जाड्यांचे पाय बघायला शिकली. शाळेच्या फुटबॉल टीममध्ये तिला खेळायचं नव्हतं, तिला तो खेळ उलगडायचा होता. मैदानाच्या कडेला उभं राहून ती मॅचचं शूटिंग करायची आणि कोचला चाली कापून द्यायची. कॉलेजमध्येही तेच केलं. मग दूरच्या एका शहरातल्या व्यावसायिक टीममध्ये ऑफेन्सच्या, म्हणजे चेंडू घेऊन पुढे जाणाऱ्या बाजूच्या, कोचिंग स्टाफमध्ये ती सगळ्यात खालच्या पायरीवर लागली. तिथे ती एकटी मुलगी नव्हती, पण मुली बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या. मंडळातल्या बायका काकूंना विचारत, "म्हणजे नक्की काय करते ती?" काकू सांगत, "नाइट ड्यूटी असते, एवढं मला कळतं."

आता कोणालाही वाटेल की या बापलेकीचं बोलणं रोज तासन्‌तास चालत असेल. तसं नव्हतं. त्या दोघांमध्ये फुटबॉलचा विषयच निघत नसे. शाळेत असताना एकदा टीम हरली, तेव्हा काकांनी पार्किंगमध्ये तिच्या कोचला गाठून दार, चौकट आणि रबर समजावून सांगितलं होतं. कोच हसला नाही. पुढचे काही आठवडे त्याने मित्राच्या हातात कॅमेरा दिला नाही. तिने घरी येऊन बापाला सांगितलं, "बाबा, हे माझं आहे. तू यात बोलायचं नाही." काकांनी मान डोलावली आणि तो शब्द पाळला. त्या वेळी ती चौदा-पंधराची असेल. नोकरी लागल्यावरही तो नियम तसाच राहिला.

तिचा फोन रविवारी मॅच झाल्यावर यायचा, तो आईला. काकू स्पीकर लावत. जेवलीस का, बर्फ पडला का, केस गळतायत का. काका शेजारी बसून ऐकत. शेवटी मित्रा म्हणे, "बाबा, हाउ आर यू?" आणि काका म्हणत, "मी मस्त. तू?" "मस्त." फोन बंद. नुकतीच तिची सबंध मॅच त्यांनी पाहिलेली असे. तिच्या टीमच्या मॅच आमच्याकडे दिसत नाहीत म्हणून मुद्दाम महागडं पॅकेज घेतलेलं असे. पोटात शंभर गोष्टी असत आणि तोंडातून निघे ते "मस्त". मला त्यांची फार दया यायची. एकदा मी म्हटलंसुद्धा, "काका, विचारा ना तिला सरळ." ते म्हणाले, "तिने विचारलं तर बोलीन."

मग तो सीझन आला. मित्राच्या टीममध्ये ऑफेन्सचा नवा कोच आला होता. आधीच्या टीममध्ये तो खूप जिंकला होता आणि येताना आपली स्कीम घेऊन आला होता. त्या स्कीमचा सगळा डोलारा एका फसवणुकीवर उभा होता. क्वार्टरबॅक चेंडू धावणाऱ्या गड्याला दिल्यासारखं करायचा, समोरचे त्याच्यामागे धावायचे आणि हा चेंडू लपवून उलट्या बाजूला पळत जाऊन लांब फेकायचा. सुरुवातीला जमलं. मग टीम हरू लागली आणि टीव्हीवरचे लोक त्या कोचच्या नावाने खडे फोडू लागले. कोच गेला की त्याच्या हाताखालचे सगळे जातात, अशी तिथली रीत. म्हणजे मित्राही जाणार. काका सोफ्याच्या कडेला आणखी पुढे सरकून बसू लागले.

त्या पाच जाड्यांपैकी चौथा त्यांच्या डोळ्यांत विशेष खुपत होता. नाव घ्यायचं नाही म्हणून ते त्याला "तो दाढीवाला" म्हणत. "दाढीवाला अर्धं पाऊल उशिरा निघतोय. या स्कीमला चपळ माणूस लागतो, हा नुसता भारी आहे. चुकीचं रबर." दर रविवारी दाढीवाल्याचा उद्धार होई.

एका रविवारी मात्र ते दाढीवाल्याला विसरून क्वार्टरबॅककडेच बघत होते. मग म्हणाले, "क्वार्टरबॅकचा उजवा पाय दुखतोय."

"लंगडत तर नाहीये," शिरीष म्हणाला.

"लंगडत नाही. पण फेकताना मागच्या पायावर जोर देत नाहीये. बॉल तरंगतोय बघ. आणि आज एकदाही उलट्या बाजूला पळाला नाही. सगळे प्ले मागे उभा राहूनच घेतोय. अर्धी स्कीम कपाटात ठेवलीय त्यांनी."

मी चेंडूकडे पाहिलं. खरंच तरंगत होता. शिरीषने फोन काढला. आमच्या मंडळातल्या पंधरावीस जणांचा एक ग्रुप होता. त्यात प्रत्येकाने खऱ्या खेळाडूंची आपापली काल्पनिक टीम निवडायची आणि त्यांच्या खेळावरून पॉइंट मोजायचे, असा उद्योग चाले. शिरीषने त्यावर लिहिलं, "मित्राच्या बाबांकडून खबर. क्वार्टरबॅकचा उजवा पाय गेला. लगेच बदला." त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. फक्त "बाबांना वाटतं" लिहायच्या ऐवजी त्याने "बाबांकडून खबर" लिहिलं, कारण तसं जास्त भारी वाटतं.

ग्रुपमधल्या कोणाच्या तरी मुलाने ते इंग्रजीत करून फॅन लोकांच्या एका साइटवर टाकलं. तिथे त्याचं "कोचिंग स्टाफमधल्या एकीच्या घरून कळलेली बातमी" असं झालं. दुखापत खरी होती आणि टीमने ती अजून बाहेर सांगितली नव्हती. मंगळवारी दुपारी मित्राला ऑफिसात बोलावून विचारलं गेलं की घरी कोणाकोणाला सांगितलंस.

काकूंनी मला फोन केला तेव्हा त्यांचा आवाज हॉस्पिटलमधला होता, अगदी थंड. "शिरीषला घेऊन ये."

आम्ही पोचलो तेव्हा काका जेवणाच्या टेबलाशी बसले होते. त्यांनी शिरीषला एक शब्द विचारला नाही. शिरीष म्हणाला, "काका, सगळ्यांना सांगतो मी, माझी चूक आहे." काका म्हणाले, "तू सांगशील. पण विश्वास कशावर ठेवायचा त्यांनी? नोव्हायच्या बेसमेंटमध्ये बसलेल्या म्हाताऱ्याला टीव्हीवर पाय दिसला, हे तुला तरी पटलं असतं का?"

तेवढ्यात मित्राचा फोन आला. काकूंनी स्पीकर लावला.

"बाबा, मी यांना सांगितलंय की मी तुला काहीच बोलले नाही. आपण तर फुटबॉल बोलतच नाही." ती भराभर बोलत होती. "कोच इथे आहे. तू काय बघितलंस ते त्याला सांग. ओन्ली व्हॉट यू सॉ. नो ओपिनियन, प्लीज."

काका उभे राहिले. फोनवर बोलायला ते उभे राहिलेले मी आधी कधी पाहिले नव्हते. कोचने नमस्कार-चमत्कार न करता विचारलं की तुम्हाला हे कसं कळलं. काकांनी त्यांच्या नागपुरी इंग्रजीत एकेक गोष्ट सांगितली. मागचा पाय असा पडत होता, या चालीनंतर तसा पडायला लागला. चेंडू कुठून तरंगायला लागला. उलट्या बाजूची चाल शेवटची केव्हा खेळले. त्यांनी दाराचं नाव काढलं नाही की रबराचंही नाही. दाढीवाल्याबद्दलही चकार शब्द नाही. त्यांच्या कपाळावरची शीर मला टेबलाच्या या बाजूने दिसत होती.

 मग कोच म्हणाला की तुम्हाला दिसलं म्हणजे समोरच्या टीमलाही दिसलं असणार. आणि त्याने विचारलं, "सर, तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?"

शिरीषने माझा हात घट्ट धरला. हा प्रश्न ऐकायला काका तीस वर्षं त्या सोफ्यावर बसले होते. एक खरा, पगारी, टीव्हीवर दिसणारा कोच त्यांना विचारत होता. काकांनी फोनकडे पाहिलं, मग काकूंकडे.

"ते तुम्ही माझ्या मुलीला विचारा," ते इंग्रजीत म्हणाले. "ते तिचं काम आहे. मी नुसता बघणारा."

कोचने आभार मानून फोन ठेवला. काका खाली बसले आणि पाणी मागितलं. मित्राची नोकरी राहिली. दुसऱ्या दिवशी तिने आईला तेवढं कळवलं.

शिरीषने ग्रुपवर माफी मागितली आणि तो खेळ कायमचा सोडला. पण काकांचं काहीतरी त्या दिवशी मिटलं. रविवार पूर्वीसारखेच होत. टीव्ही चालू असे, वड्या येत. काका मात्र काही बोलत नसत. शिरीष मुद्दाम डिवचायला म्हणे, "क्वार्टरबॅकच भिकार आहे," तर ते नुसते हसत. आपण तोंड उघडलं की ते पोरीच्या अंगावर जाऊन पडतं, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. मित्राचे रविवारचे फोन येत राहिले. तिकडे किती बर्फ पडला ते कळत राहिलं. मला वाटे, आता हे दोघं मरेपर्यंत हवामानच बोलणार.

सीझन संपला आणि जे व्हायचं तेच झालं. मुख्य कोचला काढलं, पाठोपाठ ऑफेन्सच्या कोचला, आणि मित्रालाही. जानेवारीत ती सगळं सामान गाडीत कोंबून एकटी ड्राइव्ह करत घरी आली. काकूंनी मला फोनवर सांगितलं, "झोपते आणि खाते. बाप वर आणि ही खाली. घरात दोन मांजरं पाळल्यासारखं वाटतं."

त्यानंतरच्या उन्हाळ्यात मित्राला दुसऱ्या एका टीममध्ये काम मिळालं, आधीपेक्षा वरच्या पायरीचं. काका-काकूंनी नोव्हायचं घर विकलं आणि तिच्याजवळ राहायला गेले. मी त्या फेब्रुवारीपासूनच आईच्या आजारपणासाठी कोल्हापूरला होते, त्यामुळे निरोप घेणं झालंच नाही. फोन होतात, पण भेट नाही. म्हणून जानेवारीतला तो शनिवार हेच माझं त्यांना शेवटचं पाहणं.

मी काकूंचं मोठं पातेलं परत द्यायला गेले होते. दार उघडून काकूंनी तोंडावर बोट ठेवलं आणि बेसमेंटकडे खूण केली. त्या स्वतः जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून कान देत होत्या. मीही पातेलं मांडीवर घेऊन त्यांच्याशेजारी बसले.

खाली गालिच्यावर कॅरम बोर्ड टाकला होता. मित्रा आणि काका त्याच्या दोन बाजूंना मांडी घालून बसले होते. टीव्हीवर एक चाल थांबवून ठेवलेली आणि बोर्डावर तीच चाल सोंगट्यांनी मांडलेली.

"बाबा, तूच सांग," मित्रा म्हणत होती. "काय चुकलं आमचं? आता ओपिनियन पण सांग. मला जॉबच नाही, आता कोण काय करणार आहे?"

काकांनी घसा साफ केला. आणि कित्येक महिन्यांनंतर पहिल्यांदा मी ते प्रवचन ऐकलं, चौकट, दार आणि रबर. आधी अडखळत, मग रंगात येऊन. कोचने दुसऱ्या गाडीचं रबर आणलं. दाढीवाला त्या स्कीमसाठी जड होता, अर्धं पाऊल उशिरा निघायचा, म्हणून सगळी भिंत फुटायची. "माझं स्पष्ट मत आहे. कोचने माणूस न बघता काम लावलं."

मित्राने सगळं ऐकून घेतलं. मग चौथी सोंगटी बोटाने थोडी मागे ओढली.

"तो स्लो नाहीये, बाबा. तो थांबत होता."

"काहून?"

"क्वार्टरबॅकने त्याला सुरुवातीलाच सांगितलं होतं, आम्हाला पायाचं कळायच्या खूप आधी. पाय दुखतोय, मला एक सेकंद जास्त दे. तो म्हणाला ओके. स्कीममध्ये असं काही नव्हतं. कोचला माहीत नव्हतं, मला पण सीझन संपल्यावर कळलं. त्या दोघांनी आपापसात ठरवलं होतं. तो मुद्दाम क्वार्टरबॅकजवळ थांबायचा आणि मग त्याने अडवायचा तो समोरचा माणूस सुटायचा. सगळे त्याला बोलायचे. ही नेव्हर सेड अ वर्ड."

काका त्या सोंगटीकडे बघत राहिले. टीव्हीवर दाढीवाला अर्धं पाऊल उचललेल्या अवस्थेत थिजला होता.

"मी त्याला सीझनभर शिव्या घातल्या," ते म्हणाले.

"त्याला ऐकू नाही गेल्या."

"म्हणजे माझी सगळी थिअरीच चुकली?"

"सगळी नाही. रबरचं बरोबर आहे. पण रबर फक्त कोच नाही लावत, बाबा. हे लोक आपापसात पण लावतात. ते टीव्हीवर नाही दिसत." तिने स्ट्रायकर उचलून त्यांच्या हातात दिला. "आता पुढचा प्ले तू मांड. मी सांगते कुठे चुकलास ते."

काकांनी एक सोंगटी ठेवली. तिने ती उचलून दुसरीकडे ठेवली. त्यांनी दुसरी ठेवली. "नाही, बाबा." तिसरीला "नाही" म्हणताना ती हसायला लागली आणि काकाही हसायला लागले. इतकं चुकून इतका खूश झालेला माणूस मी पाहिलेला नाही. शेजारी काकू पदराने डोळे पुसत होत्या आणि मला मात्र खुणेने गप्प राहायला सांगत होत्या.

"नवीन टीम मिळाली ना," मित्रा सोंगट्या गोळा करता करता म्हणाली, "की मॅच झाल्यावर मी तुला फोन करणार. आईला नाही. तुला."

काका उठले आणि जिन्याकडे आले. वर आम्ही दोघी बसलेल्या त्यांना दिसलो, माझ्या मांडीवरचं पातेलं दिसलं. त्यांचे डोळे लाल झाले होते.

"माधवी, ते ओट्यावर ठेव आणि घरी जा," ते म्हणाले. "मी जरा कामात आहे."

एवढं बोलून ते परत खाली गेले आणि मुलीसमोर मांडी घालून बसले.